चांदी कोणत्या रूपात घ्यावी? मोड घेणाऱ्या माणसाचं उत्तर

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. त्यांची चार लाखांची मुदत ठेव संपली. मुलगी चौथीत आहे, आठ-नऊ वर्षांनी तिच्या पुढच्या शिक्षणाला पैसे लागतील, तोवर ते चांदीत घालावेत असं घरात ठरलंय. पुढे मात्र एकमत नाही. सासूबाई म्हणतात, ताट-वाटी-तांब्या घ्या, चार सणांना वापरता तरी येईल. यजमानांना किलोची वीट हवी. मुलीचा मामा म्हणतो, हे सगळं जुनं झालं, ईटीएफ घ्या, म्हणजे शेअर बाजारात मिळणारे चांदीच्या फंडाचे युनिट. ताई विचारतात, "यातलं नेमकं काय घेऊ?"

मी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, तीस वर्षं चांदीत आहे. दुकानात नवा माल विकतो, पण जास्त वेळ जातो तो मोड घेण्यात. लोकांनी दहा-वीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली चांदी परत काउंटरवर येते, ती तपासायची, आटवायची, टंच (शंभरात शुद्ध चांदी किती) काढायचा आणि पैसे मोजायचे. त्यामुळे माझं उत्तर विकत घेण्याच्या बाजूने येणार नाही, विकण्याच्या बाजूने येईल. चांदी घेताना सगळे भाव विचारतात. हीच वस्तू परत आणली तर तिचं काय कराल, हे विचारणारा माणूस महिन्यातून एखादा भेटतो.

मी काय करतो ते सांगतो. वस्तू समोर आली की मनात एकच प्रश्न असतो: ही अशीच्या अशी दुसऱ्याला विकता येईल, की आटवावी लागेल? अशीच विकता आली तर मी भावातून टक्का-दीड टक्का कापून पैसे देतो. आटवावी लागणार असेल तर घट, आटणीची मजुरी, टंचातला फरक, सगळं तुमच्या खिशातून जातं. चांदीच्या कुठल्याही रूपाला हा एक प्रश्न लावून बघा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आधी पैंजणांचं बोलतो, कारण सर्वांत जास्त डोळ्यांत पाणी त्यावरून बघितलंय. गेल्या वर्षी एक मावशी सुनेचे जुने पैंजण आणि दोन कमरपट्टे घेऊन आल्या. काट्यावर २४० ग्रॅम भरलं. त्यांनी घरूनच हिशेब करून आणला होता, २४० गुणिले आजचा भाव. मी म्हटलं, मावशी, थांबा, समोर बसून बघा. सगळं मुशीत घातलं, वर टाकणखार टाकला, भट्टी लावली. मीना जळाला, घुंगरांतली माती आणि सांध्यातला डाक (जोडकामाचा धातू) वेगळा झाला, वर काळपट थर आला तो काढला. ओतलं, गार केलं, परत काट्यावर ठेवलं: २२६ ग्रॅम. मग त्यातला तुकडा काढून टंच बघितला, आला ६४. म्हणजे शुद्ध चांदी किती? १४५ ग्रॅमला थोडी कमी. मावशींना वाटलं मीच काहीतरी गडबड केली. पण त्यांना फसवलं असेल तर विकताना ज्याने पूर्ण चांदीचा भाव लावला त्याने, आणि त्यानेसुद्धा बेकायदा काही केलं असेलच असं नाही. पैंजण रोज पायात वाजणार, घासणार, वाकणार. शुद्ध चांदी मऊ असते, तिचा पैंजण महिनाभरात चपटा होईल. तांबं मिसळावंच लागतं. आमच्या जवळच्या हुपरीत पिढ्यान् पिढ्या पैंजण घडवणारे कारागीर आहेत. त्यांचं काम बघितलं तर घडणावळ का लागते हे कळतं, आणि ती त्या हातांना मिळालीच पाहिजे. फक्त घडणावळ हा खर्च आहे. तो गुंतवणुकीच्या खात्यावर लिहू नका.

लोकांच्या हे लक्षात का येत नाही, तर भाववाढ सगळं झाकते. दहा वर्षांपूर्वी घेतलेला पैंजण आज विकला तरी खरेदीपेक्षा जास्त रुपये हातात पडतात, माणूस खूश होऊन जातो. तेवढ्याच पैशांची लगड, म्हणजे शुद्ध चांदीची ओतलेली पट्टी, घेतली असती तर किती मिळाले असते, हा हिशेब कोणी घालत नाही.

आता सासूबाईंचं ताट. ते पैंजणापेक्षा बरंच बरं. भांडी साधारण ९२५ शुद्धतेची मिळतात, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. सोपं म्हणून किलोला २ लाख रुपये भाव धरू. हा आजचा भाव नव्हे, हिशेबापुरता. ५०० ग्रॅमचं ताट घेतलं. प्रामाणिक दुकानदाराने ९२५ च्याच हिशेबाने लावलं तर चांदी ९२,५०० रुपयांची. ग्रॅमला २५ रुपये घडणावळ धरली तर १२,५०० रुपये. त्यावर ३ टक्के जीएसटी. बिल १ लाख ८ हजारांच्या घरात. उद्या सकाळी तेच ताट माझ्याकडे आणलंत तर मला ते आटवावं लागेल, कारण दुसऱ्याच्या नावाचं, दुसऱ्याच्या घरचं ताट कुणी घेत नाही. हातात पडतील साधारण ८९-९० हजार. म्हणजे सतरा टक्के गेले. आणि काही दुकानांत ९२५ च्या वस्तूलाही शुद्ध चांदीचा पूर्ण भाव लावून वर घडणावळ घेतात, तिथे हा तोटा तेवीस टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून बिल फाडण्याआधी एवढंच विचारा: "भाव कुठल्या शुद्धतेचा लावलाय?" समोरचा गप्प झाला तर समजून घ्या.

भांड्यांवर आणि दागिन्यांवर हॉलमार्क बघा. चांदीचा हॉलमार्क सोन्यासारखा सक्तीचा नाही, ऐच्छिक आहे. पण १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक (त्या वस्तूची स्वतःची ओळख) मिळू लागला आहे आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो टाकून तपासता येतो. मान्य शुद्धता सात आहेत: ८००, ८३५, ९२५, ९५८, ९७०, ९९० आणि ९९९. त्याआधीच्या वस्तूवर एचयूआयडी नसेल, म्हणून ती खोटी ठरत नाही. मात्र 'आमच्या दुकानाचा शिक्का म्हणजेच हॉलमार्क' असं कोणी म्हणालं तर हसून पुढच्या दुकानात जा.

मूर्ती, फ्रेम, भेटवस्तू यांच्याबद्दल दोनच वाक्यं. खोक्यावर '९९९ चांदी' असं मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात 'मुलामा' असं लिहिलेलं असतं. शुद्धता त्या मुलाम्याची असते, आतला गणपती रेझिनचा. दिवाळीनंतर दर वर्षी पाच-दहा जण असे गणपती विकायला आणतात आणि मला वाईट बातमी द्यावी लागते.

नाण्यांचा विषय मोठा आहे, कारण नाणं म्हटलं की लोकांना ते सरकारी आणि म्हणून पक्कं वाटतं. धनत्रयोदशीला दुकानातून घेतलेलं लक्ष्मी-गणपतीचं दहा ग्रॅमचं नाणं सरकारी नसतं. ती खासगी टांकसाळीतली गोल लगड आहे, इतकंच. चांगल्या रिफायनरीचं असेल तर शुद्धता ९९९ किंवा ९९९.९ असते, त्यात खोट नाही. पण दहा ग्रॅमवर छपाई, पॅकिंग, दुकानाचा नफा हे सगळं बसवायचं म्हणजे धातूच्या किमतीवर दहा-पंधरा टक्के सहज चढतात. सणाच्या दोन दिवसांत तर जास्तच. वर जीएसटी. २,००० रुपयांची चांदी तुम्हाला २,३०० ला पडते आणि परत देताना १,९६० मिळतात. बँकेतून घेतलेल्या नाण्याची आणखी एक गंमत आहे: बँक नाणं विकते, परत घेत नाही. शेवटी ते माझ्यासारख्याच्याच काउंटरवर येतं.

नाणी घ्यायचीच असतील तर सीलबंद कार्डातली घ्या, त्यावर रिफायनरीचं नाव, वजन आणि क्रमांक असतो. ते कार्ड फोडू नका. मुलांना हातात धरून बघायचं असतं, मला कळतं, पण कार्ड अखंड असेल तर मी नाणं तसंच पुढे देऊ शकतो. फोडलेलं असेल तर माझ्या दृष्टीने ती सुटी चांदी, आटणीच्या डब्यात जाणारी.

जुने रुपये हा कोल्हापूर-सांगलीकडचा लाडका विषय, त्यावर थोडं रेंगाळतो. आजीच्या पेटीत निघालेला राणीछाप रुपया सगळ्यांना शंभर नंबरी चांदी वाटतो. तो ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. 'रुपयाभार' हा शब्द तिथूनच आला, आणि आमच्याकडची म्हातारी माणसं अजून चांदी 'भारा'त मोजतात ते त्याचमुळे. पण त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे १०.७ ग्रॅम. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज इथपर्यंत हे प्रमाण टिकलं. दुसऱ्या महायुद्धात चांदी टंचाईची झाली आणि १९४० पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. १९४७ च्या रुपयात तर चांदी शून्य, तो निकेलचा. म्हणजे त्याच वजनाचा, तसाच दिसणारा १९४३ चा रुपया हातात धरला तर आत शुद्ध चांदी ६ ग्रॅमही नाही. बाजारात मात्र दोन्ही 'जुना चांदीचा रुपया' म्हणून एकाच भावात विकणारे बसलेत. साल वाचा. आणि राणीछाप म्हणून नवे ओतलेले नकली रुपयेही इतके झालेत की मी स्वतः ओळखीच्या घरातले सोडून कुठले घेत नाही. नाणेसंग्रहाचा नाद असेल तर गोष्ट वेगळी. तिथे टांकसाळीचं चिन्ह, साल, अवस्था यांना किंमत असते, ती चांदीची किंमत नव्हे.

निम्म्या चांदीचा हाच प्रकार काही सरकारी स्मारक नाण्यांतही आहे. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं आहे, पण चांदी ५० टक्के, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. आठवण म्हणून ठेवा, छान आहे. वजन बघून चांदी मोजू नका.

आता यजमानांची वीट. धातू घरात हवा असेल तर लगडीला पर्याय नाही, इथे मी यजमानांच्या बाजूने आहे. पण किलोची नको. आठ वर्षांनी मुलीच्या पहिल्या फीसाठी समजा साठ हजार लागले, तर विटेचा कोपरा कापून देणार का? कापलेली वीट झाली मोड. १०० ग्रॅमच्या लगडी घ्या. किलोच्या विटेवर धातूच्या भावापेक्षा टक्काभर जास्त जात असेल तर १०० ग्रॅमवर साधारण तीन टक्के जातात. २०,००० रुपयांची चांदी, वर ६०० रुपये, त्यावर जीएसटी, एकूण २१,२०० च्या आसपास. परत देताना १९,७०० मिळतात. सात टक्क्यांचा हा तोटा एकदाच होतो, दर वर्षी नाही, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

लगड घेताना त्यावर चार गोष्टी ठसलेल्या हव्यात: रिफायनरीची खूण, वजन, शुद्धता, क्रमांक. मोकळी, स्थानिक ओतलेली, नुसता '९९' असा शिक्का मारलेली लगड दोन टक्के स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. यात मी स्वतः हात पोळून घेतलाय. धंद्यात पाच-सहा वर्षं झाली होती, ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून अर्ध्या किलोची लगड घेतली. टंच मशीनवर ठेवली, ९९ च्या वर आकडा आला. महिन्याभराने आटवायला घेतली तर मुशीतला रंगच निराळा. वर दोन-तीन मिलिमीटर चांदी आणि पोटात भलतंच मिश्रण. मशीन क्ष-किरणांनी फक्त वरचा पापुद्रा वाचतं, पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही. त्या दिवसापासून शिक्क्याशिवायची लगड मी भोक पाडून बघितल्याशिवाय घेत नाही. माझ्यासारखाच कुठलाही सावध मोडवाला तुमच्या बिनशिक्क्याच्या लगडीला भोक पाडणार, आणि भोक पाडलं की ती आटणीला गेली.

घरी तपासायचं असेल तर चुंबक आणि बर्फाचे व्हिडिओ सोडून द्या. चुंबकाला चांदी चिकटत नाही हे खरं, पण जर्मन सिल्व्हरही (नावातच चांदी असलेला तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू) चिकटत नाही आणि शिसंही नाही. बर्फ चांदीवर झपाट्याने वितळतो, तांब्यावरही तसाच. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. भांड्यात पाणी भरून काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा. लगडीला बारीक दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही अशी हातात लोंबकळत धरा. १०० ग्रॅमची शुद्ध चांदी असेल तर काटा ९.५ ग्रॅम दाखवेल, कारण चांदीची घनता १०.५ आहे. जर्मन सिल्व्हर असेल तर साडेअकराच्या आसपास दाखवेल, शिसं असेल तर ९ च्या खाली. काटा दशांशापर्यंत दाखवणारा हवा आणि हात स्थिर हवा. सीलबंद लगडीला हे करता येत नाही, तिथे रिफायनरीवर विश्वास ठेवायचा.

ठेवायची कुठे, हा विटेचा खरा त्रास आहे. चांदी जागा खाते. किलोभर चांदी लहान चहाच्या कपाएवढी असते, तेवढ्या जागेत त्याच्या कितीतरी पट किमतीचं सोनं मावतं. त्यासाठी वेगळा लॉकर घेतलात तर दर वर्षीचं भाडं तुमच्या नफ्यातून जातं. आणि लॉकर म्हणजे विमा नव्हे. बँकेच्या चुकीने चोरी किंवा आग झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच आहे. काळी पडली म्हणून घाबरू नका, हवेतल्या गंधकामुळे वर थर येतो, वजनात आणि भावात फरक पडत नाही. फक्त रबर बँड लावू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. रबरात गंधक असतं, सहा महिन्यांत लगडीवर काळा पट्टा उमटतो. भांडी रिठ्याच्या पाण्याने धुवा, लगड धूच नका.

मामांच्या ईटीएफबद्दल आमच्या गुजरीत फारसं चांगलं बोललं जात नाही. त्याचं कारण उघड आहे: त्यात आमचं दुकान लागत नाही. मी मात्र स्वतःच्या मुलाच्या नावाने घेतलेत, म्हणून बोलतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि २०२२ च्या सुरुवातीपासून आपल्याकडे चांदीचे ईटीएफ आहेत. फंडाकडे लंडन बाजाराच्या दर्जाच्या ३०-३० किलोच्या, किमान ९९.९ टक्के शुद्धतेच्या विटा असतात आणि तुमच्या डीमॅट खात्यात त्यांचे युनिट. टंचाचा प्रश्न नाही, घट नाही, आटणी नाही, तुमच्या बिलावर ३ टक्के जीएसटी नाही. साठ हजार हवे असतील तर साठ हजारांचेच युनिट विकता येतात. माझी 'आटवावी लागेल का' ही कसोटी इथे उभीच राहत नाही.

पण ते फुकट नाही. फंडाचा खर्च वर्षाला साधारण अर्धा टक्का. आठ वर्षांत चार टक्के. आता मघाचा लगडीचा सात टक्क्यांचा एकरकमी तोटा आठवा. अंतर वाटतं तेवढं मोठं नाही. चांदी पंधरा-वीस वर्षं हलवायचीच नसेल आणि घरचा लॉकर आधीपासून असेल, तर लगड ईटीएफपेक्षा स्वस्तही पडू शकते. आठ वर्षांसाठी, टप्प्याटप्प्याने काढायचं असताना, ईटीएफ सरस.

ईटीएफमध्ये फसायची जागा वेगळी आहे. बाजारात युनिट ज्या भावाला मिळतो तो आणि आतल्या चांदीची किंमत हे दोन वेगळे आकडे आहेत. दुसरा आकडा फंडाच्या संकेतस्थळावर 'आयएनएव्ही' नावाने दिवसभर दिसतो. एरवी फरक किरकोळ असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र जगभर प्रत्यक्ष चांदीची टंचाई झाली, आपल्याकडे धनत्रयोदशी तोंडावर होती, आणि युनिट आतल्या चांदीपेक्षा बरेच महाग विकले जाऊ लागले. काही फंडांनी तर चांदीच्या फंड ऑफ फंडमध्ये (पैसे पुढे ईटीएफमध्येच घालणारा फंड) एकरकमी पैसे घेणंच थांबवलं. आमच्या काउंटरवरही तेच चाललं होतं. लोक बोर्डावरच्या भावापेक्षा जास्त देऊन लगडी नेत होते, माल मिळाला याचाच आनंद. दिवाळी सरता सरता भाव खाली आला आणि तो वरचा अधिभारही विरून गेला. घेणाऱ्यांचं दोन्हीकडून नुकसान. तेव्हा युनिट घेण्याआधी दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर त्या दिवशी घेऊ नका, आठवडाभर थांबल्याने आकाश कोसळत नाही.

मोबाइलच्या ॲपवर दहा रुपयांपासून मिळणारी 'डिजिटल चांदी' ईटीएफ नव्हे. तिच्यावर सेबीची देखरेख नाही, घेताना जीएसटी लागतो, आणि घेण्याच्या व विकण्याच्या भावात चांगलंच अंतर असतं. दुकानातली मासिक भिशीही मी यातच धरतो, माझ्या स्वतःच्या दुकानात ती चालते तरी. भिशीतून शेवटी दागिनाच पदरात पडतो, घडणावळीसकट. वायदे बाजाराचं नाव तर काढूच नका. तिथला मोठा सौदा ३० किलोचा, तो आमच्यासारख्यांनी दुकानातल्या मालाचा भाव बांधून ठेवायला वापरायचा.

कराबद्दल, थोडक्यात. लगड, नाणी, भांडी २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकली तर नफ्यावर १२.५ टक्के. ईटीएफला हीच सवलत १२ महिन्यांनंतर मिळते. त्याआधी विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे. नफा किती हे दाखवायला खरेदीचं बिल लागतं, म्हणून बिलाशिवायची तीन टक्के स्वस्त चांदी पुढे महागात पडते.

एक गोष्ट मात्र लगड आणि ईटीएफ दोघांच्याही विरुद्ध जाते, ती सांगायला हवी. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोन्या-चांदीच्या तारणावरच्या कर्जाचे निर्देश काढले. १ एप्रिल २०२६ पर्यंत ते अमलात आणायची मुदत होती. त्यानुसार चांदीच्या दागिन्यांवर १० किलोपर्यंत आणि नाण्यांवर ५०० ग्रॅमपर्यंत कर्ज मिळू शकतं. विटा-लगडींवर नाही, ईटीएफच्या युनिटांवरही नाही. म्हणजे जे विकायला सर्वांत सोपं, तेच गहाण ठेवायला निरुपयोगी. शेतकरी घरात, जिथे पेरणीला पैसे उचलून दिवाळीला सोडवायचे असतात, तिथे आजी चांदीचे दागिनेच का घेत होती हे यावरून कळतं. तिचा हिशेब चुकीचा नव्हता, तिची गरज वेगळी होती. ताई, तुमची गरज तशी नाही.

आता तुमच्या चार लाखांचं. मुलीच्या शिक्षणाची संपूर्ण ठेव मोडून चांदीत घालू नका, हे चांदीवाला सांगतोय. २०११ च्या एप्रिलमध्ये चांदी किलोला सत्तर हजारांच्या वर गेली होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. २०२० च्या मार्चमध्ये तीच पस्तीस हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये घेतलेल्यांना नुसतं मुद्दल बघायला नऊ वर्षं लागली, तेवढीच मुदत तुमच्या हातात आहे. त्यानंतर भाव कितीही चढलेला असो, असं पुन्हा होणार नाही असं मला कोणी लिहून दिलेलं नाही.

म्हणून दोन लाख परत ठेवीत टाका. दीड लाख ईटीएफमध्ये, एकदम नाही, दर महिन्याला साडेबारा हजार असे वर्षभर. उरलेल्या पन्नास हजारांत, मघाच्याच भावाने, १०० ग्रॅमच्या दोन सीलबंद लगडी, यजमानांच्या समाधानासाठी, आणि त्या लॉकरमध्ये आधीच जागा असेल तरच. हातात सात-साडेसात हजार उरतील, त्यात सासूबाईंना नैवेद्याची छोटी वाटी घ्या, हॉलमार्कची. ती विकायची नाही, त्यामुळे तिच्या घडणावळीची चिंता करू नका. मुलगी बारावीला गेली की ईटीएफ थोडे थोडे विकून ठेवीत वळवायला लागा, प्रवेशाच्या महिन्यात भाव काय असेल यावर तिचं कॉलेज अवलंबून नको.

आणि लगडींचं बिल मिळालं की त्याच दिवशी त्याची छायाप्रत काढा, मोबाइलमध्ये फोटोही ठेवा. हल्ली दुकानांत थर्मल कागदावर बिल देतात. लॉकरमध्ये जपून ठेवलेली अशी बिलं माझ्याकडे येतात तेव्हा ती कोरी पांढरी झालेली असतात.